काचेच्या खिडकीतलं जेवण

आधी एक खुलासा. या लेखात 'हॉटेल' हा शब्द मी आपल्या अर्थाने वापरणार आहे, म्हणजे जिथे बसून खातात ते. अमेरिकेत हॉटेल म्हणजे झोपायची जागा. नवीन आलेला मराठी माणूस दुपारी बारा वाजता "चला, हॉटेलात जाऊ" असं ऑफिसातल्या सहकाऱ्याला म्हणाला, की समोरचा जरा चमकतो. पण उपाहारगृह वगैरे लिहायला लागलो की माझाच घास घशात अडकतो, तेव्हा हॉटेलच.

तर मंडळी, गेल्या काही वर्षांत इथल्या हॉटेलांत यंत्रं फार झाली आहेत. आत शिरल्याशिरल्या माणसाएवढा उंच पडदा, त्यावर बोट लावून ऑर्डर द्यायची. टेबलावर मेनूकार्डाऐवजी चिकटवलेला तो काळापांढरा चौकोन, फोनने टिपायचा. मुदपाकखान्यात चिठ्ठ्यांच्या जागी टीव्ही. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना याचं आता काही वाटत नाही. पैसे देण्याच्या बाबतीत तर पुण्यातला भेळवालाही अमेरिकेच्या पुढे आहे. पण वाढप्याशिवाय चालणारं, तोंडातून एक शब्दही न काढता पोटभर जेवता येईल असं हॉटेल ही काही आजची कल्पना नाही. ते फिलाडेल्फियात १९०२ सालीच उघडलं होतं आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं ती पद्धत चालली. ती गोष्ट मला सांगायची आहे, कारण यंत्र आलं की माणसाचं काय होतं याबद्दल आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं त्या गोष्टीपुढे टिकत नाही.

पण त्याआधी गल्ल्याची गोष्ट थोडक्यात.

ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे, विमानवाल्या राइट बंधूंचं. तिथे जेम्स रिटी नावाच्या गृहस्थाचा दारूचा गुत्ता होता. गर्दी भरपूर, पण रात्री हिशोबाला बसावं तर पैसे कमी. बारवरची माणसं गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायची आणि त्यातले थोडे परस्पर खिशात सोडायची. १८७८ साली रिटी बोटीने युरोपला निघाला. बोटीच्या इंजिनघरात त्याला पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र दिसलं. पंख्याचे फेरे मोजता येतात तर पेल्यांचे पैसे का मोजता येऊ नयेत, असं त्याच्या मनात आलं. घरी परतल्यावर त्याने भावाच्या मदतीने खटपट केली आणि १८७९ साली पेटंट घेतलं. त्या पहिल्या यंत्राला पैसे ठेवायला खणसुद्धा नव्हता. घड्याळासारखी तबकडी, एक काटा डॉलरचा आणि एक सेंटांचा, बस्स. नाव मात्र झकास दिलं होतं, 'इनकरप्टिबल कॅशियर', म्हणजे लाच न खाणारा खजिनदार! १८८४ साली जॉन पॅटरसनने तो धंदा विकत घेतला आणि नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी राहिली. (अवांतर: आयबीएमचा थॉमस वॉटसन याच कंपनीत घडला. म्हणजे आमच्या संगणकाच्या धंद्याच्या खानदानात एक गुत्तेवाला बसलेला आहे.)

पुढच्या यंत्रांना खण आला आणि खण उघडला की वाजणारी घंटा आली. ती घंटा गिऱ्हाइकाच्या करमणुकीसाठी नव्हती. मालक दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी खण उघडल्याचं त्याला कळावं म्हणून होती. आपल्याकडे या प्रश्नाला निराळं उत्तर होतं. गल्ल्यावर शेठ स्वतः बसे, नाहीतर मेव्हण्याला बसवी. दोन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे आहेत. हॉटेलात आलेल्या कुठल्याही यंत्राकडे बघताना मी आता हाच प्रश्न विचारतो, की हे कोणाच्या आणि कोणाच्या मधे बसवलंय? किती सेकंद वाचले हे नंतर.

आता फिलाडेल्फिया. जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या दोघांनी तिथे १८८८ च्या डिसेंबरात तेराव्या रस्त्यावर एक चिमुकलं खानावळवजा दुकान काढलं. बसायला पंधरा स्टुलं. हार्डार्ट मूळचा जर्मन, पण वाढलेला न्यू ऑर्लिन्सला, आणि तिथली गाळून केलेली कडक कॉफी त्याला येत होती. फिलाडेल्फियाच्या लोकांनी अशी कॉफी प्यायली नव्हती. दुकान चाललं, शाखा निघाल्या. मग त्यांच्या कानावर आलं की बर्लिनमध्ये वाढप्याशिवाय चालणारी हॉटेलं निघाली आहेत. क्विसिसाना नावाची कंपनी त्याची यंत्रं बनवत होती. ती यंत्रं त्यांनी मागवली आणि १२ जून १९०२ रोजी चेस्टनट रस्त्यावर ८१८ नंबरच्या जागेत अमेरिकेतलं पहिलं 'ऑटोमॅट' उघडलं. न्यूयॉर्कमध्ये ते गेले १९१२ साली, थेट टाइम्स स्क्वेअरला. कंपनीचा इंजिनिअर जॉन फ्रित्शे याने जर्मन यंत्रात इतकी सुधारणा केली की पुढची ऑटोमॅट त्याच्याच रचनेवर चालली.

रचना अशी होती. एक अख्खी भिंत छोट्या छोट्या खणांची. प्रत्येक खणाला काचेचं दार, आत उजेड, आणि त्यात एक बशी: पायचा तुकडा, सँडविच, मॅकरोनी-चीज, शिजवलेला घेवडा. दाराशेजारी नाण्याची खाच आणि एक मूठ. पाच सेंटांचं नाणं टाकायचं (त्याला इथे निकल म्हणतात), मूठ फिरवायची, दार उघडायचं, बशी उचलायची. महाग पदार्थाला दोन-तीन निकल. कॉफीसाठी भिंतीतून डॉल्फिनच्या तोंडाची नळी बाहेर आलेली. निकल टाकून दांडी फिरवली की बरोब्बर एक कप कॉफी पडे आणि धार थांबे. मी कंट्रोल सिस्टिम्सवाला माणूस आहे, त्यामुळे या थांबण्याचं मला फार कौतुक आहे. एकही इलेक्ट्रॉनिक भाग नसताना दिवसाला हजारो वेळा तेवढंच माप, तेही उकळत्या कॉफीचं!

नोटा मोडायला काचेच्या चौकीत बायका बसत. त्यांना 'निकल थ्रोअर' म्हणत, निकल फेकणाऱ्या. तुम्ही डॉलर सरकवला की त्या हाताच्या एका झटक्यात वीस निकल संगमरवरावर टाकत. मोजत नसत, बोटांना वजन आणि आकार पाठ झालेला असे. बोटं झिजू नयेत म्हणून टोकांना रबराच्या टोप्या. एका माणसाला यंत्रात बसवायचं म्हणजे काय याचं याहून स्पष्ट चित्र मला ठाऊक नाही. आणि तरी गिऱ्हाइकाला दिसणारी जवळजवळ हीच एक कामगार होती!

बाकीचे भिंतीमागे. प्रत्येक उभ्या रांगेतले खण एका पिंपासारख्या फिरत्या सांगाड्यावर बसवलेले असत. मागे उभी असलेली बाई तो सांगाडा आपल्याकडे फिरवून रिकाम्या खणांत बशा भरी आणि परत फिरवी. पुढून बघणाऱ्याला वाटे, जादू झाली. आपण पायचा तुकडा काढला, क्षणभर अंधार, आणि पुन्हा तिथे पायचा तुकडा. त्या काळच्या लोकांनी आपल्या आठवणींत हे फार हरखून सांगितलं आहे. लहानपणी काचेला नाक लावून आतला हात दिसतो का ते बघणारी मुलं हा तर नेहमीचा भाग. कधी कधी हात दिसे म्हणे.

त्या भिंतीच्याही मागे एक स्वयंपाकघर होतं, आणि खरी क्रांती तिथे होती असं माझं मत आहे. कंपनीने प्रत्येक दुकानात रांधायचं जवळजवळ बंद केलं. शहरात एक मोठा मध्यवर्ती मुदपाकखाना, तिथून दिवसातून अनेकदा गाड्या भरून माल सगळ्या शाखांत. बशीत कुठला पदार्थ कुठे ठेवायचा इथपर्यंत सगळं नियमांच्या वहीत लिहिलेलं. कॉफी ठरावीक मिनिटं उलटली की ओतून द्यायची आणि नवी करायची, हा नियम तर प्रसिद्धच होता. मालक आणि वरचे अधिकारी रोज एका टेबलाशी बसून वेगवेगळ्या शाखांतल्या पदार्थांची चव घेत. आज साखळी हॉटेलांचा जो कारभार आपण मॅकडोनाल्डच्या नावावर मांडतो, त्यातला बराच भाग हॉर्न आणि हार्डार्टच्या त्या वहीत आधी होता. फरक इतकाच, की यांनी अन्न चांगलं ठेवण्यासाठी तो वापरला. भरभराटीच्या काळात फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क मिळून दिवसाला आठ लाख माणसं त्यांच्याकडे खात, असा आकडा सगळीकडे दिला जातो.

आणि कोण माणसं? हा भाग मला सगळ्यात आवडतो.

त्या काळी बऱ्याच चांगल्या हॉटेलांत एकट्या बाईला बसायला देत नसत. बरोबर पुरुष हवा. ऑटोमॅटमध्ये विचारणारा कोणी नव्हताच. ऑफिसांत नव्याने टायपिस्ट म्हणून लागलेल्या हजारो मुली दुपारी तिथे निवांत जेवत. एडवर्ड हॉपर या चित्रकाराचं १९२७ सालचं 'ऑटोमॅट' नावाचं चित्र आहे, त्यातही कॉफीचा कप धरून बसलेली एकटी बाईच आहे. लोक त्या चित्राला एकाकीपणाचं चित्र म्हणतात. मला ते दर वेळी थोडं वेगळं दिसतं. रात्रीच्या वेळी एकटीला उजेडात, ऊबेत बसायला पाच सेंटांत जागा मिळाली आहे आणि कोणी तिला उठवत नाही. असो, चित्रकलेतलं मला काही कळत नाही.

दुसरे म्हणजे परदेशातून आलेले लोक. इटली, पोलंड, रशिया इथून बोटी भरभरून माणसं न्यूयॉर्कला उतरत होती. त्यांना इंग्रजीतलं मेनूकार्ड वाचता येत नसे आणि वेटरपुढे तोंड उघडायची लाज वाटे. इथे पदार्थ काचेत दिसतोय, नाणं टाका आणि घ्या. उच्चार चुकायचा प्रश्नच नाही. ही सोय किती मोठी आहे हे मला वाचून कळलं नाही. अमेरिकेत आल्यावर पहिल्या महिन्यात मी सँडविचच्या दुकानात उभा होतो आणि काउंटरमागची मुलगी विचारत होती: पाव कुठला, भाजलेला की तसाच, चीज कुठलं, सॉस कुठला, इथे खाणार की नेणार. मागे रांग. मी प्रत्येक प्रश्नाला "येस" म्हणत होतो. हल्ली पडद्यावर ऑर्डर देता येते, तेव्हा आमच्यासारखे शाकाहारी 'मांस काढा' या चौकोनावर शांतपणे बोट ठेवतात आणि कोणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. तेव्हा यंत्रामुळे माणुसकी संपली वगैरे म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की तोंडी मागण्याची पद्धत ज्यांना भाषा येते त्यांच्या सोयीची होती.

तिसरे गरीब. तिथे वेटर नाही म्हणून टिप नाही, आणि अमेरिकेत टिप नाही म्हणजे बिल सरळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी. १९३० नंतरच्या मंदीत बेकार माणसं कॉफीच्या एका कपावर तासन्‌तास बसत. काहीजण फुकटचं गरम पाणी घेऊन त्यात टेबलावरचं केचप मिसळत, की झालं टोमॅटो सूप! लिंबाच्या फुकट फोडी आणि पाणी, की झालं सरबत. यंत्र हे सगळं बघत नसे, आणि कंपनी बघून न बघितल्यासारखं करी. २०२१ साली ऑटोमॅटवर एक माहितीपट निघाला. त्यात सेनापती आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग हे दोघेही आपल्या लहानपणच्या ऑटोमॅटच्या आठवणी सांगतात. एक स्थलांतरित जमैकन कुटुंबातला, एक ज्यू घरातली, दोघंही न्यूयॉर्कच्या साध्या वस्त्यांतले. बाहेर जेवायला जाणं ही चैन त्यांच्या घरांना परवडली ती तिथे.

भिंतीमागच्यांचं काय? १९३७ साली न्यूयॉर्कच्या ऑटोमॅटमधल्या कामगारांनी संप केला आणि फलक घेऊन दारात उभे राहिले. आपोआप चालणाऱ्या हॉटेलाचा संप! वाढपी गेले खरे, पण धुणारे, भरणारे, रांधणारे, मोड देणारे सगळे होते. फक्त ते दिसायचे बंद झाले होते, आणि जो दिसत नाही त्याला टिपही मिळत नाही.

मग एवढी चाललेली गोष्ट बंद का पडली? सगळे सांगतात की बर्गरवाल्यांनी मारली. ते खरं आहे, पण अर्धं. इंजिनिअर म्हणून मला दुसरी अर्धी गोष्ट जास्त शिकवून जाते. कॉफीचा भाव १९१२ पासून पाच सेंट होता. १९५० पर्यंत तो पाचच राहिला. अडतीस वर्षं! मधे दोन महायुद्धं झाली, पगार वाढले, कॉफीच्या बिया महागल्या. शेवटी शेवटी प्रत्येक कपामागे कंपनी पदरचे पैसे घालत होती. साध्या हॉटेलवाल्याने पाटीवर खडूने पाचाचे सहा केले असते, वर्षाने सात. पण भिंतीतली खाच फक्त निकल ओळखत होती. पाचाच्या पुढचा भाव दहा, मधे काही नाहीच. १९५० साली कॉफी एका दिवसात दुप्पट झाली आणि लोक चिडले. पन्नास वर्षांपूर्वी यंत्र बनवताना नाण्याचा आकार त्यात पक्का केला, तेव्हा आपण भावही पक्का करतोय हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल. आमच्या भाषेत याला हार्डकोडिंग म्हणतात. नवीन पोरांना मी हे उदाहरण देतो.

बाकी कारणं नेहमीची. लोक उपनगरांत राहायला गेले, संध्याकाळनंतर शहराचा मध्य ओस पडू लागला, खर्च कमी करायच्या नादात अन्नाचा दर्जा घसरला. सत्तरच्या दशकात कंपनीने आपल्याच कित्येक ऑटोमॅटच्या जागी बर्गर किंगची दुकानं घातली. शेवटचं ऑटोमॅट, बेचाळीसाव्या रस्त्यावरचं, एप्रिल १९९१ मध्ये बंद झालं. फिलाडेल्फियाच्या त्या पहिल्या भिंतीचा पस्तीस फुटांचा तुकडा वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

बर्गरवाल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण सिनेमा निघाल्यापासून ते सर्वांना माहीत आहे. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड बंधूंचं हॉटेल होतं. गाडीतच बसायचं आणि पोरी ट्रे घेऊन यायच्या. १९४८ साली त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं, वीसही पोरींना काढून टाकलं, पंचवीस पदार्थांचे नऊ केले, चिनीमातीच्या बशा आणि काटेचमचे जाऊन कागद आला, आणि बर्गर तीस सेंटांवरून पंधरावर आणला. पुन्हा उघडल्यावर सुरुवातीला लोक गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले. इथे माणूस भिंतीमागे लपवला नाही, उलट काचेतून आतला मुदपाकखाना दिसे. पण वाढप्याचं काम गेलं ते यंत्राकडे गेलंच नाही. ते गेलं गिऱ्हाइकाकडे. रांगेत उभं राहणं, ट्रे उचलणं, टेबल साफ करून कचरा टाकणं हे सगळं आपण फुकट करतो आणि त्याला स्वस्ताई म्हणतो.

त्याच सुमाराची, १९४० च्या दशकातली, एक कमी माहीत असलेली गोष्ट मला याहून मोलाची वाटते. शिकागो विद्यापीठात विल्यम फूट व्हाइट नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. युद्धामुळे हॉटेलांना माणसं मिळत नव्हती आणि मिळाली तर टिकत नव्हती, म्हणून हॉटेलमालकांच्या संघटनेच्या मदतीने त्यांच्या चमूने शिकागोच्या हॉटेलांत जाऊन नुसतं बघितलं. त्यातून १९४८ साली पुस्तक झालं. त्यांना पडलेला एक प्रश्न असा: गर्दीच्या वेळी वेट्रेस रडतात का?

उत्तर जेवणाऱ्यांच्या उद्धटपणात पूर्ण सापडलं नाही. मुदपाकखान्याच्या खिडकीपाशी सापडलं. आत आचारी, पुरुष, वयाने मोठे, पगार जास्त, मान जास्त. बाहेर वेट्रेस, तरुण बायका, मान कमी. आणि दिवसभर शंभरदा ही खालची त्या वरच्याला सांगणार: हे दे, ते दे, लवकर दे. आचाऱ्याला ते झोंबे. मग तो मुद्दाम उशीर करी, एखादीला ताटकळत ठेवी, खेकसे. बाहेर टेबलावरचा माणूस खेकसे. दोन्हीकडून मार खाणारी बाई कोपऱ्यात जाऊन रडे. आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभे राहा, जात-वय-गाव बदलून हेच नाटक दिसेल.

काही ठिकाणी मात्र भांडण नव्हतं. तिथे काय होतं? एक खिळा. काउंटरवर उभा टोकदार खिळा, आपल्याकडे किराणा दुकानात बिलं खोचायला असतो तसला. वेट्रेस बोलत नसे, चिठ्ठी लिहून खिळ्यावर खोची. आचारी आपल्या सवडीने चिठ्ठ्या काढी आणि एकसारख्या ऑर्डरी एकत्र करून पाठवी. आता त्याला बाईचा हुकूम ऐकावा लागत नव्हता. तो कागद वाचत होता, आणि क्रम तो ठरवत होता. काम तेच, माणसं तीच, आणि रडणं कमी झालं. पुढे याच्याच सुधारलेल्या आवृत्तीत गोल फिरणारं चाक आलं, ज्याला चिठ्ठ्या अडकवून आत फिरवायच्या. अमेरिकेतल्या जुन्या डायनरमध्ये ते अजून बघायला मिळतं.

१९६२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त इलायस पोर्टर यांनी या खिळ्यावर एक लेख लिहिला. खिळा ही स्मरणशक्ती आहे, खिळा ही रांग आहे, खिळा हा बफर आहे, म्हणजे संगणकात आपण जे जे करतो ते सगळं त्या दोन आण्यांच्या खिळ्यात आहे, असा त्याचा रोख. मुदपाकखान्यातला आजचा टीव्ही हा तोच खिळा आहे, पण एक गोष्ट नव्याने घुसली आहे. खिळ्यावर क्रम आचारी ठरवी. टीव्हीवर क्रम आधीच लागून येतो, प्रत्येक ऑर्डरपुढे सेकंद मोजले जातात, उशीर झाला की रंग बदलतो, आणि रात्री त्याचा तक्ता मालकाच्या फोनवर जातो. खिळ्याने आचाऱ्याचा मान राखला होता. टीव्हीने त्यावर रिटीची घंटा बसवली.

२०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'ईट्सा' नावाचं हॉटेल निघालं. पडद्यावर ऑर्डर द्यायची, मग भिंतीतल्या काचेच्या खणावर तुमचं नाव उमटणार, काचेवर दोनदा टकटक केलं की दार उघडणार आणि आत किन्वाचा वाडगा. सात डॉलरच्या आत. भविष्यकाळ आला म्हणून वर्तमानपत्रांनी फोटो छापले. ज्यांना १९०२ आठवत होतं ते हसले असणार. भिंतीमागे अर्थातच माणसं होती, वाडगे भरणारी. २०१९ पर्यंत सगळी दुकानं बंद झाली आणि कंपनी इतरांना सॉफ्टवेअर विकायच्या धंद्यात गेली.

ईट्सात एक गोष्ट मात्र ऑटोमॅटच्या नेमकी उलट होती. तिथे रोख पैसे चालत नसत. ऑटोमॅटची खाच नाण्याशिवाय काही ओळखत नव्हती, आणि म्हणूनच खिशात एक निकल असलेला कोणीही आत येऊ शकत होता. पडद्याला कार्ड लागतं. अमेरिकेत बँकेत खातंच नसलेली लाखो कुटुंबं आहेत, आणि त्यांत गरीब आणि स्थलांतरित जास्त. 'रोख चालणार नाही' ही पाटी त्यांना दारातच थांबवते. याविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं मोठं शहर कुठलं? फिलाडेल्फिया, २०१९. पाठोपाठ त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को आणि २०२० मध्ये न्यूयॉर्क. दुकानदाराने रोकड नाकारायची नाही. चेस्टनट रस्त्यावरच्या त्या भिंतीचा या कायद्याशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही, पण शहर तेच निघालं याचा मला आनंद झाला खरा.

आता शेवटची भिंत. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की शहरातल्या काही लहान हॉटेलांत गल्ल्यावर माणूस नाही, एक पडदा आहे, आणि त्या पडद्यावर एक बाई आहे. ती "या, या" म्हणते, मेनू समजावते, ऑर्डर घेते. ती खरी, जिवंत, बोलणारी बाई आहे आणि ती बसली आहे फिलिपिन्समध्ये, आपल्या घरी. बातमीत तिचा पगार तासाला तीन डॉलर दिला होता. न्यूयॉर्क शहरात तेव्हा किमान वेतन तासाला सोळा डॉलर होतं. हे कायदेशीर कसं, असं पत्रकारांनी राज्याच्या कामगार खात्याला विचारलं. खात्याने सांगितलं की किमान वेतनाचा कायदा राज्याच्या हद्दीत प्रत्यक्ष हजर राहून काम करणाऱ्यांनाच लागू आहे.

एप्रिलमध्ये न्यूयॉर्क आणि मनिला यांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचं अंतर असतं. दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होते तेव्हा तिकडे मध्यरात्र असते.